भजनी मंडळाने वाचलेली थ्रिलर

भजनी मंडळात अभंग पाठ व्हायला महिने लागतात, किस्से मात्र एकदा ऐकले की पाठ! आमचं नेरूळचं मंडळ म्हणजे सोसायटीतल्या आणि शेजारच्या गावातल्या मिळून मोजक्या बायका, एक पेटी आणि प्रसादानंतरच्या गप्पा. दर शुक्रवारी काहीतरी नवीन घडतंच. आज सांगतेय ते सगळे किस्से एकाच कादंबरीपायी घडलेले.

कादंबरी कसली, तर चक्क थ्रिलर. एक बडी कंपनी, एक मंत्री, दोघांचं साटंलोटं आणि कंपनीच्या अकाउंट्समधली नंदिनी नावाची मुलगी. ती कोर्टात सगळं खरं सांगायला तयार होते. लायब्ररीतून ही कादंबरी मीच आणली. कारण माझा मुलगा अमेय. तोही एका कंपनीत अकाउंट्सला होता. खोट्या बिलांवर सही मागितली, याने केली नाही. नोकरी गेली, पुढे केस उभी राहिली, आणि आता त्याची साक्ष व्हायची होती. अशा माणसांचं पुढे काय होतं, ते मला आधी कुठेतरी वाचून बघायचं होतं.

मंडळ म्हणालं, "एकटी कशाला वाचतेस? आपण सगळ्या मिळून वाचू!"

* * *

आमच्यात पोथी वाचतात त्या प्रमिलाताई. त्यांनी सवयीने पुस्तक चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. तीही पोथीच्याच चालीत! "मंत्रीऽ म्हणाला सचिवासीऽ, फाईल माझ्याकडे पाठवाऽ..."

"ताई, साधं वाचा ना," मी म्हटलं.

"साधं मला येतच नाही गं. दम लागतो."

मग काय, तसंच चाललं. मंत्र्याने नोटांची बॅग उचलली आणि कपाटात ठेवली. तिथे प्रमिलाताई श्वास घ्यायला थांबल्या. अध्याय संपला असं वाटून आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले.

एवढ्या मनोभावे त्या मंत्र्याला मतदारांनीही कधी नमस्कार केला नसेल!

* * *

आमच्यातल्या जनाबाई गावातल्या. आमच्या बिल्डिंगा उभ्या आहेत तिथे त्यांची भातशेती होती. चार शुक्रवार त्या गप्प बसून ऐकत होत्या. पाचव्या शुक्रवारी वाचन आटोपून भजन सुरू झालं, तेवढ्यात म्हणाल्या, "यो मंत्री खोटा हाय."

"का हो?"

"लय बोलतंय. आमच्याकरं जमिनीचं कागद घेऊन आल्ता, त्यो मानूस कायच बोलला नाय. निस्ता गोड हसला, चाय पिला नि गेला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आता त्या जागेवं तुमी भजन करता."

पेटी थांबली, टाळ थांबले.

जनाबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "आता थांबलाव कनाला? गा, गा! जागा तर गेलीच हाय, भजन तरी पुरं करा!"

* * *

प्रमिलाताईंचे मिस्टर कोर्टाच्या ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांचं मत सगळ्यात वजनदार, म्हणून पुस्तक आठवडाभर त्यांच्याकडे दिलं. दुसऱ्याच दिवशी परत आलं.

"काका, इतक्यात झालं?"

"झालं नाही, सोडलं. लेखकाला कोर्टातलं काही कळत नाही."

"असं काय आहे त्यात?"

"दुसऱ्या प्रकरणात दोन्ही बाजूंचे वकील एकाच तारखेला हजर! तिथेच मिटलं मी पुस्तक."

* * *

माझी सून श्वेता ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. तिने एका रविवारी सलग वाचून काढलं आणि डोकं धरून बसली.

"काय गं, फार भयंकर आहे का?"

"खून वगैरे ठीक आहे हो आई. पण तो मॅनेजर अप्रेजलला बोलावतो ना, तो सीन... ते प्रकरण मला सोडूनच द्यावं लागलं!"

* * *

शेवटून दुसरं प्रकरण संपलं, तेव्हा नंदिनी कोर्टाच्या पायऱ्या चढत होती आणि मागे एक काळी गाडी येऊन थांबली होती. प्रमिलाताई पान उलटणार, तेवढ्यात मी पुस्तकावर हात ठेवला. अमेयची साक्ष होईपर्यंत शेवटचं प्रकरण मी वाचणार नाही, ऐकणारही नाही, असा नेमच धरला. मला सोळा सोमवार झेपतात, हे काय अवघड!

पण बाकीच्यांना कुठे नेम होता? त्यांनी आपापलं वाचलं. आणि आमची रोहिणी! तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. म्हणून प्रमिलाताईंनी तिला मंडळात असेपर्यंत मौनच दिलं, श्रावणी सोमवारी जेवताना धरतात तसं.

तिने पाळलंही बिचारीने. फक्त प्रसाद घेताना माझ्याकडे बघून तिचे डोळे भरले. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बोट वर केलं. आकाशाकडे!

मी प्रसादाची वाटी तशीच खाली ठेवली.

"रोहिणी!" प्रमिलाताई ओरडल्या. "हातांनासुद्धा मौन!"

रोहिणी घाबरून म्हणाली, "अहो, पंखा लावा म्हणत होते!"

पंखा चालूच होता.

* * *

त्या दिवशी घरी येऊन मी देवापुढे दोन दिवे लावले. एक अमेयसाठी, एक नंदिनीसाठी. आमचे हे पेपर खाली ठेवून बघत राहिले.

"अगं, ते पुस्तक छापून झालंय! तुझ्या दिव्याने पान बदलणार आहे का?"

"कशाला बदलायला हवं?" मी म्हटलं. "मी वाचत नाही तोवर ती पायऱ्या चढतेय ना, तेवढं पुरे."

हे उठले आणि दोन्ही समयांत तेल घातलं.

* * *

शेवटचं प्रकरण मी साक्षीच्या दिवशी संध्याकाळी वाचलं. त्याबद्दल माझं मत इथे देत नाही, तुमच्यापैकी कुणाचं वाचायचं राहिलं असेल. साक्षीचं मात्र सांगते.

सगळं मंडळ कोर्टात मागच्या बाकावर. अमेय पिंजऱ्यात उभा. समोरच्या वकिलांनी तासभर त्याला उलटसुलट विचारलं. तो शांतपणे सांगत राहिला. मग वकील हसले.

"बिलांवर सही मागितली त्या सकाळी तुम्ही कुणाला फोन केला होता?"

"आईला."

"त्या काय म्हणाल्या?"

अमेय थोडा घुटमळला. "म्हणाली, आज संकष्टी आहे, आज काही खोटं करू नकोस."

कोर्टात हशा पिकला. मी पदर तोंडाशी धरला. वकील तर खूशच झाले, न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "म्हणजे हा सगळा प्रामाणिकपणा एका चतुर्थीपुरता! मला सांगा, संकष्टी नसती तर सही केली असतीत ना? दुसऱ्या दिवशी? त्याच्या दुसऱ्या दिवशी?"

हशा थांबला. रोहिणीने माझा हात घट्ट धरला. अमेय खरंच विचार करत होता, मनातल्या मनात एकेक वार मोजत होता.

"नाही सर," तो म्हणाला. "आमच्या घरी काही नाही असा दिवसच नसतो."

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. त्यांनी वर पाहिलं.

"सर, हे घ्यायचं का?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"शब्दशः घ्या."