चित्र काढू का?

मालेगावच्या त्या भाड्याच्या खोलीत पाऊल टाकलं आणि समोर तळं, तळ्यात हंस, मागं राजवाड्याच्या पायऱ्या! सगळं कागदावर रंगवून भिंतीला चिकटवलेलं. घरमालकीण काकूंचा भाऊ एका फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचा. उरल्यासुरल्या रंगात त्यानं बहिणीच्या मागच्या खोलीचा दरबार करून टाकला होता.

दरबार होता, तसं सैन्यही होतं. कणकेची खळ सुटून कागदामागं पोकळी झालेली, आणि त्या पोकळीत ढेकणांची छावणी. रॉकेल शिंपडलं, गाद्या उन्हात तापवल्या, बाजेचे पाय उकळत्या पाण्यानं धुतले. माझे दंड तरी फोडांनी भरलेलेच. ते पाहून आमचे हे म्हणाले, "मंग मेडशीले जाऊन राय, मायजवळ."

मेडशी म्हणजे सासर. तिथं सासूबाई, दोन जावा आणि एक चूल. त्या चुलीपुढं वर्षभर धूर खाऊन मी मालेगावला सुटून आले होते. म्हणजे मला ही खोली हवी होती, आणि खोलीतले ढेकूण नको होते. एवढंच माझं मागणं.

एका सकाळी काकू अंगणात डाळ निवडत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन गोड आवाजात विचारलं, "काकू, मी भिंतीवरचं चित्र काढू का?"

त्यांचं अर्धं लक्ष डाळीत. "काढ नं व माय. इचारून काय राह्यली? छान काढजो."

'छान काढजो' ऐकून मला शंका यायला हवी होती. मला वाटलं, बाई बिचारी प्रेमळ आहे, आपणच उगाच तिला शिव्या देत होतो.

हे कामावर गेले आणि मी पदर खोचला. गरम पाण्याची बादली, फडकं आणि पोळ्या उलटायचा सराटा. फडक्यानं कागद भिजवायचा, सराट्याचं टोक खाली घालायचं, आणि ओढायचं. हंसाची मान अशी लांबलचक निघाली की मी टाळी वाजवली! राजवाडा पायऱ्यांसकट कोसळला. मागून सैन्य पळालं, त्याला मी उरलेल्या गरम पाण्यानं निरोप दिला. गुडघाभर चिखल झालेल्या तळ्यात उभी राहून मी गाणं म्हणत होते, आणि दारात काकू.

एकट्या नाही, शेजारच्या दोघींना घेऊन. भाडेकरीण किती छान चित्र काढते, ते दाखवायला.

"अवं भवाने! हे काय केलं?"

"काढलं! तुमीच त म्हटलं, काढ."

"म्या म्हटलं रांगोळीवानी काढ! मले वाटलं, पोरीले हौस आहे, एखांदा मोर काढीन. माह्या भावाच्या हातचं होतं ते, कैदाशिणी!"

"तुमच्या भावाच्या हातचं तुमच्या खोलीत लावून झोपा मंग त्याच्याखाली! मले रातभर कोन खाऊन राह्यलं, पाहा हे!"

"तुले खाल्लं त बिमार पडले असतील ते ढेकनं! खोली खाली कर. आजच!"

काकूंचे यजमान काकाजी ओसरीवरून म्हणाले, "तूनंच त काढ म्हटलं न."

"तुमी मधात बोलू नका!"

माझ्या डोळ्यापुढं मेडशीची चूल. तेवढ्यात शेजारणींतली एक पदरात हसत म्हणाली, "आता काढाचं म्हटलं होतं त काढू द्या न तिले. एक काढनं झालं, दुसरं राह्यलं."

काकूंच्या डोळ्यांत आसुरी आनंद चमकला. "हाव. काढ आता. हंस पायजे, तळं पायजे, राजवाडा पायजे. नाई जमलं त गाठोडं बांध."

मला चित्रकलेतली येत होती फक्त ठिपक्यांची रांगोळी. मग मी भिंतीवर गेरूचे ठिपके दिले, नीळ कालवली, आणि ठिपक्याला ठिपका जोडत हंस काढायला घेतला. ठिपक्यांतून निघालेला हंस चौकोनी झाला. त्याची चोचही चौकोनी. राजवाडा जमेना, म्हणून मी त्याच्या जागी तुळशीवृंदावन काढलं आणि दोन झेंडे लावले.

संध्याकाळी काकू बघायला आल्या. हे दाराशी उभे. काकू भिंतीजवळ गेल्या, मागं सरकल्या, पुन्हा जवळ गेल्या.

"हा हंस आहे का कपड्याची इस्तरी?"

आणि त्या अशा हसत सुटल्या की माझ्याच बाजेवर बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "राय व तू. खोली नोको खाली करू. हे आता साऱ्या गावाले दाखवतो मी."

आणि दाखवलं. पाहुणा कुठलाही येवो, अनसिंगचा व्याही असो की बांगड्यावाली, काकू त्याला घेऊन थेट माझ्या खोलीत. भिंतीकडं बोट करून सांगायच्या, "माह्या भावाचा राजवाडा खाल्ला हिनं, अन् हे ओकून ठेवलं!"

मी माझ्या बाजेवर, माझ्या गादीवर ऐसपैस बसलेली असायचे. तिथूनच म्हणायचे, "बसा न पाव्हनं, चहा ठेवतो."