करंजाच्या तेलावर चाललेली गिरणी

भवानी पेठेत शिवबाईंची पिठाची गिरणी होती. नवरा वारल्यावर ती त्यांनीच चालवली. शेजारीच दीर मडिवाळप्पा यांचा तेलाचा घाणा होता. गिरणी तेलाच्या इंजिनावर चाले; ते सुरू करताना त्याचं जड चाक फिरवायला मडिवाळप्पा येत.

१९३४च्या उन्हाळ्यात इंजिनाच्या तेलाची पिंपं रेल्वेनं आलीच नाहीत. गिरणी थांबली. दिवसभर मागावर बसणाऱ्या बायकांना पहाटे पुन्हा जात्यावर दळावं लागू लागलं.

"वैनी, शेंगतेल ओतून बघू की," मडिवाळप्पा म्हणाले.

"लोकांच्या ताटातलं तेल इंजिनाला पाजायचं व्हय? मला न्हाय जमायचं."

पण तेल म्हटल्यावर त्यांना माहेरचा, मैंदर्गीचा ओढा आठवला. त्याच्या काठी करंजाची झाडं होती. त्यांच्या बियांचं कडू तेल दिव्यात जळे, नाहीतर खरजेवर लावत. शिवबाई माहेरी गेल्या, भावजयीला घेऊन करंजाच्या शेंगा वेचल्या आणि पोती घेऊन परतल्या. मडिवाळप्पांनी कुरकुरत घाणा जुंपला.

पहिल्या दिवशी इंजिन दोनदा ठसकलं आणि काळा धूर ओकून गप्प झालं. करंजाचं तेल फार दाट होतं. शिवबाईंनी रात्रभर विचार केला. सकाळी त्यांनी जुन्या पिंपाच्या तळाचं उरलंसुरलं इंजिनाचं तेल घालून इंजिन सुरू करवलं, करंजतेलाचा डबा धुराड्याच्या तापल्या नळीला टेकवून ठेवला आणि तेल पातळ झाल्यावर ते हळूहळू सोडलं. ठोके जरा अडखळले, मग लागले एकसारखे पडायला. मडिवाळप्पा हसू लागले. शिवबाई मात्र पदरानं डोळे पुसत होत्या. धुरानं असेल, नाहीतर कशानं.

दुसऱ्याच दिवशी मागावर बसणारी मल्लव्वा दळून नेलेलं पीठ घेऊन परत आली. "भाकरीला करंजाचा वास मारतोय की वो!" शिवबाईंनी तिला आपल्या घरचं पीठ दिलं आणि करंजतेलाचा डबा भिंतीबाहेर, धुराड्याच्या नळीलाच टेकवून बसवला.

मडिवाळप्पांना आता दम धरवेना. "पुढं सगळी इंजिनं ह्याच्यावरच चालणार बघा. मैंदर्गीच्या रानात करंजच लावू."

"जोंधळा काढून?" शिवबाई म्हणाल्या. "मग गिरणीत दळायचं काय?"

आठवड्याला इंजिन उघडून चिकट काजळी खरवडावी लागे, आणि बियाही पावसाळ्यापर्यंतच पुरल्या. पिंपं आली तेव्हा शिवबाईंनी ती घेतली. पण त्या पावसात ओढ्याकाठच्या खडकाळ पट्टीत, जिथं जोंधळा कधी आलाच नव्हता, तिथं भावाकडून त्यांनी करंजाची रोपं लावून घेतली.