चहाच्या वेळी न दाखवलेला प्रश्न

रविवार, १८ एप्रिल १९९९, संध्याकाळी साडेसहा. सांगलीतल्या आमच्या वाचनालयाचा वरचा हॉल. उपस्थित: अध्यक्ष (हळदीचे व्यापारी), वक्ते (साताऱ्याहून आलेले सैन्यातले निवृत्त अधिकारी), कार्यवाह (म्हणजे मी), कोरेगावाजवळच्या आमच्या गावाहून आलेला माझा धाकटा भाऊ (माजी हवालदार) आणि एकसष्ट श्रोते. मोजले होते. मी मोजतेच.

वसंत व्याख्यानमालेतलं ते शेवटचं व्याख्यान. विषय: शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडता येईल का? अमेरिकेत त्यावर वाद पेटला होता. सगळ्या देशावर कवच घालू म्हणणारे एका बाजूला, हे जमणारच नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. इकडे आदल्या वर्षीच्या अणुचाचण्यांपासून सांगलीत पानपट्टीवरसुद्धा क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याच्या गप्पा चालत. त्यामुळे हॉल भरला.

आमची एक पद्धत होती. विषय फळ्यावर लागला की सभासद आठवडाभर पेटीत प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकत. कार्यवाहाने त्यातल्या तीन निवडायच्या आणि व्याख्यानाच्या दिवशी चहाच्या वेळी पाहुण्यांना दाखवायच्या, म्हणजे व्यासपीठावर त्यांची पंचाईत होत नाही. सहा वर्षं हे काम मी बिनबोभाट केलं. त्या दिवशीही अध्यक्षांच्या घरी साडेचारला तीन चिठ्ठ्या पाहुण्यांच्या हातात दिल्या. त्यांनी चष्मा लावून वाचल्या आणि खिशात ठेवल्या.

बोलले छान. मोठा तक्ता आणला होता. टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेत बाणाला बाण भिडतो, तेच आता यंत्रं करणार, म्हणाले. मग चिठ्ठ्या झाल्या. पहिलीचं उत्तर सफाईदार, दुसरीचंही. तिसरी होती: चाचणीत हे सिद्ध झालंय का? "काही वेळा चुकलं, पण लागलंही आहे. लागलं, हे महत्त्वाचं." टाळ्या.

टाळ्या चालू असताना माझ्या डोक्यात आलं की तिन्ही उत्तरं सफाईदार येणारच होती. प्रश्न मीच व्याख्यानाच्या दोन तास आधी दाखवले होते.

अध्यक्षांनी आभारासाठी माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले.

"साहेब, आभाराच्या आधी एक विचारते. हा प्रश्न चहाच्या वेळी दाखवलेला नाही." पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. "मी कुपवाडला पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. शंभरातला कोणता नग उचलणार हे मी आधी सांगितलं, तर कारखान्याचा सगळा माल पास होईल. त्या चाचण्यांत क्षेपणास्त्र कधी सुटणार, कुठून येणार, हे पाडणाऱ्यांना आधी ठाऊक होतं का?"

"चाचण्या टप्प्याटप्प्यानं होतात, ताई. सुरुवातीला ठाऊक असणारच."

"मान्य. मग न सांगता किती घेतल्या? आणि खऱ्याबरोबर दहा खोटी सोडली, तर खरं कोणतं हे ओळखायचं कसं?"

"त्यावर काम चालू आहे." मग ते श्रोत्यांकडे वळून हसले. "तुम्ही पंप सांभाळा ताई, आकाश आम्ही सांभाळतो."

हॉल हसला. तेवढ्यात मागून माझा भाऊ उठला. त्याला मीच बोलावलं होतं. विमानं पाडायच्या तोफेवर त्याची नोकरी झाली होती.

"साहेब, सतरा वर्सं तोफेवर हुतो. सरावाला इमानाच्या मागं लांब दोरीला लाल कापड बांधून आणायचे. ठरल्या येळी यायचं, ठरल्या बाजूनं यायचं, सरळ जायाचं. तरीबी आमी लय येळा चुकायचो. आन् लागलं की कागदावर फकस्त लागलेलं लिवायचं. चुकलेलं कुटं गेलं, मला कवा कुणी इचारलं न्हाई."

"हवालदार, बसा."

तो बसला. ताबडतोब, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. बेचाळीस वर्षांचा माणूस, निवृत्त झालेला, स्वतःच्या बहिणीच्या वाचनालयात.

मी माइक सोडला नाही. "साहेब, हे वाचनालय आहे. इथे 'बसा' म्हणायचं असेल तर अध्यक्ष म्हणतील." अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मी आभार मानले, श्रीफळ दिलं आणि सभा संपली.

हे कवच कधीच होणार नाही, असं माझं म्हणणं नव्हतं, आजही नाही. न सांगता तपासल्याशिवाय झालं म्हणू नका, एवढंच. कुपवाडला वीस रुपयांच्या वायसरलाही आम्ही हाच नियम लावतो.

आमच्याकडे व्याख्यानाचा वृत्तांतही इतिवृत्ताच्या वहीत लिहितात. पुढच्या बैठकीत तो वाचायचा, मग अध्यक्ष सही करून कायम करतात. मी त्याच आठवड्यात लिहून काढला. माझा प्रश्न, साहेबांचं उत्तर आणि भावाचं बोलणं, त्याच्याच शब्दांत.

बैठकीला आम्ही पाच जण. वाचून झालं तसे अध्यक्ष म्हणाले, "अहो ताई, हे काय लिहिलंय? पाहुण्यांना काय वाटेल? तेवढं खोडा आणि 'उद्बोधक चर्चा झाली' असं लिहा."

"जे झालं ते लिहिलंय."

"निदान हवालदारांचं तरी काढा. 'लय येळा' काय, 'फकस्त' काय! वाचनालयाची वही आहे ही."

"ते बोलले तसंच आहे."

"मग तुम्हाला कार्यवाहपद सोडावं लागेल."

"ठराव मांडा. तो ठरावही मीच नीट लिहून देते."

कुणी मांडला नाही. सही मात्र झाली नाही. घरी येऊन पुढच्या कामांची यादी केली. पहिलं काम: पेटी कपाटात टाकणे. ते दुसऱ्याच दिवशी केलं. तेव्हापासून आमच्याकडे श्रोते उभे राहून विचारतात. दोन वक्त्यांनी त्यामुळे येणं नाकारलं. त्यांच्या जागी दुसरे बोलावले.

भाऊ महिन्याभराने आला. आल्या आल्या म्हणाला, "आक्का, ती वही दाव." वाचनालयात नेऊन दाखवली. त्याने बोट ठेवून सावकाश वाचलं, दोनदा.

"हे खोडणार हायेत व्हय?"

"म्हणतायत."

"तुझी नोकरी तर न्हाई ना जायाची ह्यात?"

"ही नोकरी नाही रे. फुकटचं काम आहे."

"मग काय भ्या हाय?" तो हसला. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "आक्का, सतरा वर्सांत लय कागदांवर अंगठ्याएवढ्या सह्या केल्या. मी काय म्हनलो ते कुटंच न्हाई. हितं हाय. ऱ्हाऊ दे."

"राहील," मी म्हणाले.

त्यानंतर दर बैठकीला विषय क्रमांक एक मी तोच ठेवला. अध्यक्ष दर वेळी "पुढच्या वेळी पाहू" म्हणत. ते निवृत्त झाले, नवे आले. नव्यांनी जुनी वही उघडून पाहिली आणि "हे आमच्या आधीचं" म्हणून मिटली. पुढच्या सगळ्या पानांवर सह्या आहेत, या एका पानावर नाही. येत्या शनिवारी बैठक आहे. कार्यक्रमपत्रिका काल टाइप करून सगळ्यांना पाठवली. विषय क्रमांक एक: १८ एप्रिल १९९९च्या व्याख्यानाचे इतिवृत्त कायम करणे.