रिकाम्या खुर्च्यांपुढचं व्याख्यान

मित्रहो, आत्ताच सदरच्या सभागृहातून घरी आलो. आज आपल्या रिऑलॉजी मंडळाची सभा होती, आठवतं ना?

देशकर सरांनी हे मंडळ नागपुरात उभं केलं. रंग, डांबर, रक्त कसं वाहतं, कणीक कशी ताणली जाते, याचं शास्त्र इथेही रुजावं म्हणून. पक्षाघातानंतर आज ते पहिल्यांदाच बोलणार होते. त्यांच्या पत्नी, आपल्या काकू, त्यांना सायकलरिक्षातून घेऊन आल्या.

सभागृहात मी एकटाच होतो. बराच वेळ वाट पाहिली. शेवटी काकू पहिल्या रांगेत बसल्या आणि म्हणाल्या, "आमी आहो न, सुरू करा."

सर अडखळले, पण पूर्ण बोलले. मग सवयीने विचारलं, "काही प्रश्न?"

काकूंनी हात वर केला. "पुढच्या वेळी तरी कोणी येईन का जी?"

सरांनी खडू खाली ठेवला. मला म्हणाले, "मंडळ बंद झालं, असं सगळ्यांले कळवून दे गा."

म्हणून हे पत्रक लिहून राहिलो. तुम्हाला कामं असतील, मान्य. पण खरं सांगा, एकालाही यावंसं काहून नाही वाटलं?