हाडकीतलं जहर

मोठीमायला हळू बोलता येत नसे. चुलीपुढे बसून तिने सुनेला मीठ मागितलं तरी पलीकडच्या ओळीत ऐकू जायचं. “आपल्या लोकाईनं लय दिवस कुजबूज केली. मले नाही जमत,” ती म्हणायची. ती माझ्या वडिलांची थोरली वहिनी. वस्तीतून कॉलेजात आलेली मी पहिली मुलगी, म्हणून तिच्याबद्दल लिहायचं धाडस करते आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या आमच्या गावात, सोसायटीच्या गोदामात कपाशीवर फवारायच्या औषधाचे ड्रम पडून होते. मुदत संपलेली, पत्रे गंजून गळू लागलेले. गावाने ठरवलं, ते हाडकीत पुरायचे. हाडकी म्हणजे गावची मेलेली ढोरं आमच्या लोकांनी ओढून न्यायची ती जागा. छप्पन साली धम्म घेतला आणि आम्ही ते काम सोडलं. आता तिथे आमची ज्वारी होती, आणि बांधाला लागून वस्तीची एकुलती एक विहीर.

मी अर्ज लिहिला. मोठीमाय तो घेऊन वाशीमच्या कचेरीत गेली. उत्तर मिळालं, की दप्तरात ती जागा मेलेली जनावरं टाकण्यासाठीच आहे, त्यामुळे हरकत घेता येत नाही. मग अकोल्याहून साहेब पाहणीला आले. औषध खोल पुरलं की काही होत नाही, म्हणाले.

“औषध नका म्हनू, साहेब. जहर म्हना. काही होत नाही तं तुमच्या बंगल्यात पुरा.”

सरपंच हसले. “काहून कालवा करून राह्यली वं? जागा मूळचीच घाणीची हाय.”

“घाण तुमची होती, भाऊ. आमी फकत वाह्यली.”

बाजाराच्या दिवशी, वस्ती रिकामी असताना, बाहेरगावचे मजूर आणून त्यांनी ड्रम पुरले. परतलो तर ज्वारी तुडवलेली होती. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला ड्रमांतल्या औषधाचा वास येऊ लागला. साहेबांचा निरोप आला, ते पाणी पिऊ नका. मग कुठलं प्यायचं, ते निरोपात नव्हतं.

मोठीमायने घागर उचलली आणि गावच्या विहिरीकडे निघाली. मागून आम्ही सगळ्या. कायद्याने ती विहीर आमचीही होती, पण तिथला दोर आमच्यापैकी कुणाच्या हाती कधी आला नव्हता. काठावरच्या बाया ओरडल्या. मोठीमायने बादली आत सोडली.

“तुमचं जहर आमच्या विहिरीपाशी राहीन, तं आमच्या घागरी तुमच्या विहिरीवर राह्यतीन.”

अर्जाने इतके महिने जे झालं नाही, ते आठवड्याच्या आत झालं. ट्रक आला, खड्डा उकरला, ड्रम निघाले. मला अजून संताप येतो तो याचाच. जहराची त्यांना भीती वाटली नाही. आमच्या घागरींची वाटली.

वस्तीत गूळ वाटला. मोठीमाय तेवढी ट्रकपुढे जाऊन उभी राहिली.

“कोठी नेता हे?”

“साहेबाले माहीत,” ड्रायव्हर म्हणाला.

“तिथं कोन राह्यते?”

ड्रायव्हरने गाडी मागे घेतली आणि तिला वळसा घालून निघून गेला. त्यानंतर ती बाजाराला गेली की परगावच्या बायांना विचारायची, “तुमच्या गावात ट्रक आलता का, माय?” पार किन्हीराजाच्या बाजारापर्यंत जाऊन आली. घरचे वैतागायचे. आपलं संकट टळलं ना, म्हणायचे. गेल्या उन्हाळ्यात ती वारली. ट्रक कुठे रिकामा झाला, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

परवा मी वाशीमच्या कचेरीत तेच विचारायला गेले. “तुमच्या गावातून गेलं ना ते? मग तुला काय त्याचं?” कारकून म्हणाले. मी बाकावरून उठले नाही. शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा बाहेर यावंच लागलं.

सोमवारी पुन्हा जाणार आहे.