चौथीचं शुद्धलेखन

“बाजारात नेलं ते नेलं, पण जमादारापुढं कशाला उभी केली पोरीला?” महादेवीनं सासूला तिसऱ्यांदा विचारलं.

“म्या न्हाय उभी केली. त्यानंच हाक मारली, गुळाचा खडा दिला,” पार्वतम्मा म्हणाली. “आन् तिला शिकवलं कुणी ते बोल की. तुझ्या नवऱ्यानं. ते बी तुझ्या माहेरच्या कागदातलं.”

शेवटचं वाक्य सासूनं लोहाऱ्याच्या बाजारापासून गावापर्यंतच्या वाटेवर राखून ठेवलेलं असावं. आणि ते खरं होतं.

महादेवीची सहा वर्षांची लेक जगदेवी दोघींच्या मधे बसून बोटं चाटत होती. शाळेत काय शिकतेस, असं निजामाच्या पोलीस जमादारानं विचारल्यावर तिनं हात मागं बांधून खणखणीत म्हणून दाखवलं होतं: “दिल्लीला आपलं निशाण लागलं, स्वल्पविराम, आपल्या गावाला कधी लागणार, प्रश्नचिन्ह.”

नुसतं वाक्य असतं तर कुठं तरी कानावर पडलं म्हणून सुटता आलं असतं. पण स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह मास्तराशिवाय दुसरं कोण सांगतं? जमादार हसला, पोरीला गुळाचा आणखी एक खडा दिला आणि उद्या शाळा बघायला येतो म्हणाला.

महादेवीच्या नवऱ्याची, बंडप्पा मास्तरांची शाळा म्हणजे त्यांच्याच घराची ओसरी. चार कोपरे, चार इयत्ता, एकवीस पोरं. पहिलीला धुळाक्षरं गिरवायला लावायची, दुसरीला पाढे, तिसरीला गणित घालायचं आणि तेवढ्या वेळात चौथीच्या कोपऱ्यात जाऊन धडा सांगायचा. निजाम सरकारचा परवाना दुसरीपर्यंतचाच होता. पुढं लोहाऱ्याला उर्दू शाळा होती. गावातला बलभीम आणि आणखी चार पोरं तिथं महिनाभर बसून, एक अक्षर न कळता परत आले होते. त्यांच्यासाठी मास्तरांनी तिसरी-चौथी गुपचूप चालवली होती.

महादेवीचा भाऊ सोलापूरहून शेंगाचटणी पाठवायचा. ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली असायची. मास्तर तो तेलकट कागद उन्हात वाळवायचे आणि त्यातलं वाचून, आपल्या मनाचं थोडं घालून, चौथीला शुद्धलेखन सांगायचे. सांगायचे हळू आवाजात. तिथंच चुकलं. मोठ्यानं सांगितलं असतं तर पाढ्यांच्या गोंगाटात बुडून गेलं असतं. मास्तर कुजबुजायला लागले की पहिलीतल्या सगळ्यांचे कान टवकारायचे. एका ओसरीवर बसलेलं पोर आपला धडा सोडून बाकीचे तिन्ही ऐकतं, हे बारा वर्षं शिकवणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं.

आता ते खांबाला टेकून बसले होते. धोतराचा सोगा उगाच चुरगाळत होते. पलीकडच्या गावच्या मास्तराला दिवाळीत रझाकारांनी नेलं होतं. त्याची बायको अजून रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या थापते, असं महादेवीच्या कानावर आलं होतं. ही गोष्ट ती मनातून काढू बघत होती आणि तिच्या डोळ्यांपुढं त्या भाकऱ्याच येत होत्या.

दिवे लागायच्या आत तिनं सगळे कागद चुलीत घातले. घरभर चटणी करपल्याचा वास सुटला, तेव्हा तिनं पुढचं दार लावून घेतलं. सकाळी बलभीमला आणि त्याच्या चौघा सोबत्यांना पाट्या-दौतींसकट ज्वारीच्या रानात धाडलं. तिसरीची पोरं दुसरीत बसवली. चौथीच्या कोपऱ्यात शाईचे डाग होते, म्हणून तेवढा भाग शेणानं सारवून काढला. आपण शहाणपणा केला असं तिला वाटलं.

जमादार आला तो थेट त्या कोपऱ्यापाशी उभा राहिला. बाकीची ओसरी कोरडी खडखडीत आणि तेवढाच चौकोन ओला, हिरवा.

“इत्ता कोनाच लीपे क्या, बाई?” त्यानं सारवणाकडं बोट दाखवलं.

महादेवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. हाताला पीठ तसंच होतं. ते ती पदराला पुसू लागली.

“लेकरू वकलं तिथं,” पार्वतम्मा मागून म्हणाली. म्हातारीचा आवाज जराही हलला नाही. कालपासून जिच्याशी भांडण चाललं होतं, तिचे पाय धरावेत असं महादेवीला वाटलं.

जमादार बाजेवर बसला. पाढे ऐकले, पाट्या बघितल्या. मग मास्तरांना म्हणाला, शुद्धलेखन घालून दाखवा. मास्तरांनी दुसरीला सांगायला सुरुवात केली. “गाय गवत खाते.” आवाज इतका कापत होता की पोरं लिहायची सोडून त्यांच्या तोंडाकडं बघू लागली. “गाय दूध देते,” असं म्हणून मास्तर थांबले.

“पूर्णविराम,” पहिलीच्या कोपऱ्यातून जगदेवीनं सांगितलं.

जमादार दिलखुलास हसला. उठताना त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. महादेवीनं दाराची चौकट धरली.

“बच्ची होशियार है. अगले बाजार कू चावडी पे भेजो. अकेलीच.”

तो गेल्यावर मास्तरांनी पोरांना घरी सोडलं. दुपारी कुणी जेवलं नाही. पार्वतम्मा म्हणाली, पोरीला मामाकडं सोलापूरला धाडा. मास्तर म्हणाले, हद्दीच्या नाक्यावर झडती घेतात, आणि पोरगी गायब झाली की आपण आपल्या तोंडानं कबूल केल्यासारखं होईल. मग ते म्हणाले, चौथी बंद करतो, बलभीमला उद्या सांगतो. सासू म्हणाली, तेवढ्यानं काय होणार, समदी शाळाच बंद कर, जीव तरी वाचतील.

महादेवी ऐकत होती. ती सोलापूरला तिसरीपर्यंत शिकलेली, पण या घरात दहा वर्षांत तिला कुणी काही वाचायला सांगितलं नव्हतं आणि तिनंही स्वतःहून कधी तोंड उघडलं नव्हतं. चौथी बंद केली तरी जगदेवीच्या डोक्यातलं जात नाही, हे तिला दिसत होतं. पोरीच्या कानात पुढच्या बाजारापर्यंत दुसरं काही तरी घालायला हवं होतं, आणि चौथीचा आवाज पोचणार नाही इतक्या लांब. चावडीवरच्या खोलीत पोर एकटी उभी आहे, हे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ती बसल्या जागेवरूनच बोलली.

“उद्यापासून पहिली आत बसंल, चुलीपाशी. मी शिकवणार. ” तिनं सासूकडं बघितलं. “भाकऱ्या अत्ती थापतील. चौथी हाय तिथंच राहील. आन् बाजारादिवशी पोरीसंगं चावडीवर मी जाणार.”