दारातले अण्णा

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये अण्णा रोज सकाळी पावणेनऊला, कमरेला सोवळं आणि खांद्यावर उपरणं अशा वेषात, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभे राहत. आत काकूंनी पानं मांडलेली असत आणि अण्णा बाहेर. शेजारच्या सरदारजींची बरेच दिवस समजूत होती की काकू त्यांना रोज घराबाहेर काढतात. "भाभीजी का मिज़ाज थोड़ा गरम है क्या?" असं त्यांनी मला एकदा हळूच विचारलं. मी तेव्हा दिल्लीत नुकताच आलेला, बिनलग्नाचा कारकून. चेहरा गंभीर करून म्हणालो, "बिल्कुल."

अण्णा पाहुण्याची वाट पाहत असत. अमक्या पाहुण्याची नाही, कोणाही. देवाला नैवेद्य दाखवून झाला की गृहस्थानं एक गाय दोहून होईल इतका वेळ दाराशी थांबावं, कोणी भुकेला आला तर त्याला आधी वाढावं आणि मग आपण बसावं, असं शास्त्र त्यांनी मला सांगितलं. अण्णांनी जन्मात गाय दोहली नव्हती. त्यांनी सात मिनिटं धरली होती.

"आणि कोणीच आलं नाही तर?" मी विचारलं.

"आपण उभं राहायचं. येणं त्याच्याकडे."

अण्णा सेक्शन ऑफिसर होते आणि गृहस्थाची रोजची पाच कामं ते पाच सेक्शनसारखी चालवत. देव, ऋषी, पितर, माणसं आणि प्राणी. "यातलं एकही पेंडिंग ठेवायचं नाही," असं ते म्हणत. ऋषींसाठी रोज एक श्लोक वाचायचा आणि कुणाला तरी समजावून सांगायचा. त्यातून भाजीवालाही सुटत नसे. पितरांना ते बाल्कनीतून पाणी सोडत. ते खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडे. एकदा त्या वर येऊन म्हणाल्या, "भाईसाहब, आपके पुरखों ने आज फिर मेरी चादर भिगो दी." अण्णांनी हात जोडले आणि दुसऱ्या दिवसापासून पितरांची सोय कुंडीत केली.

या सगळ्यात माझा डोळा चौथ्या सेक्शनवर होता. माणसं. मी शेजारच्याच ब्लॉकमध्ये एक खोली घेऊन राहत होतो आणि सकाळचं जेवण म्हणजे ऑफिसच्या कँटीनमधला ब्रेड पकोडा. तेव्हा एके दिवशी बरोबर पावणेनऊला मी 'सहज' जिना चढलो. अण्णांचा चेहरा उजळला. असा मी नऊ दिवस सहज चढलो. दहाव्या दिवशी अण्णा म्हणाले, "रोज येतो तो पाहुणा नसतो रे, घरचा असतो. ये, उभा राहा माझ्या शेजारी." त्या दिवसापासून मी पण सात मिनिटं उपाशी उभा. वर गच्चीवर कावळ्याचा घास ठेवणं आणि मुंग्यांना पीठ घालणं माझ्याकडे आलं ते वेगळंच.

एकदा जून महिन्यात नळाला पाणी उशिरा आलं आणि अण्णांची पूजा लांबली. आतून म्हणाले, "आज तू एकटा उभा राहा." मी राहिलो. काकू थालीपीठ लावत होत्या आणि त्याचा वास जिन्यात येत होता. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ, हातात कापडी पिशवी, कठडा धरत धरत वर आले. भाच्याचं घर शोधत होते. क्वार्टरचा नंबर हाच, ब्लॉक दुसरा. त्या वसाहतीत मला माझी खोली, अण्णांचं घर आणि पानवाला एवढंच ठाऊक होतं. तरीही मी ठामपणे हात करून सांगितलं, "सीधे जाइए, आख़िरी ब्लॉक." आणि आत येऊन पाटावर बसलो.

"कोणी आलं होतं?" अण्णांनी विचारलं.

"कोणी नाही. एक म्हातारा पत्ता विचारत होता, पाठवून दिला."

"पाणी दिलंस?"

"त्यांनी मागितलं नाही."

"दोन जिने चढून आलेला माणूस," अण्णा म्हणाले. "त्यानं मागायला कशाला हवं?"

त्यांनी पायात चपला घातल्या. काकूंनी तवा उतरवला. दारातून कोणी उपाशी गेलं, तर त्या घरात कोणी जेवत नसे, हे मला तेव्हा कळलं. आमच्या पोटांपेक्षा मोठा प्रश्न म्हणजे त्या दिवशी अण्णांच्या ऑफिसात इन्स्पेक्शन होतं, आणि अण्णा नोकरीत कधी उशिरा पोचले नव्हते. मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, "इन्स्पेक्शनला माझ्यावाचून कोणी उपाशी राहणार नाही."

सोवळं नेसलेले अण्णा पुढे आणि मी मागे, असे आम्ही त्या उन्हात एकसारख्या दिसणाऱ्या ब्लॉक्समधून तासभर हिंडलो. म्हातारबुवा बाजाराजवळच्या एका कडुनिंबाखाली बसलेले सापडले. उघडाबंब माणूस धावत येतोय हे पाहून त्यांनी पिशवी छातीशी धरली. "मैंने कुछ नहीं किया, जी."

"खाना ठंडा हो रहा है," अण्णा हात जोडून म्हणाले. "चलिए."

"आप मुझे जानते हैं?"

"नहीं."

बिचारे पिशवी सावरत उठले. ते आले. मी वाढलं. त्यांनी पाच थालीपिठं खाल्ली, ती मी उपाशीपोटी एकेक करून मोजली. नंतर अण्णांनी मला त्यांना भाच्याकडे पोचवायला पाठवलं. वाटेत म्हातारबुवा म्हणाले, "ग़लत रास्ता तुम्हीं ने बताया था न?"

"हाँ जी."

"पिताजी ने मारा नहीं?"

ते माझे वडील नाहीत, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "वो मारते नहीं हैं."

"मारना चाहिए," ते म्हणाले.

भाच्याचं दार उघडलेलं डोळ्यांनी पाहिलं आणि मी परतलो. वाटेभर ठरवत होतो की आता साध्या ब्रेड पकोड्याकडे परत जावं, या घरात पुन्हा तोंड दाखवू नये. अकरा वाजून गेले होते. अण्णा तोवर ऑफिसला गेले असतील, काकूंचा निरोप घेऊन ऑफिसला सटकावं, असा हिशेब. वर आलो तर अण्णा पाटावर बसलेले. समोर तीन रिकामी पानं. ते जेवले नव्हते, काकूही नाहीत.

"पोचवलंस नीट?"

"दारापर्यंत."

"मग बस. घरचं माणूस बाहेर असताना आम्ही कसे बसणार?"

दहीभात उरला होता. तो तिघांनी खाल्ला.  काकूंनी दह्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. मग अण्णा कपडे घालून, आयुष्यात पहिल्यांदा, अर्ध्या दिवसाची रजा लिहायला ऑफिसात गेले.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे गाझियाबादला गेले आणि तिथेच, काही वर्षांनी, वारले. त्यांची पाच कामं माझ्या हातून होत नाहीत. देवपूजा बायको करते, श्लोक मला पाठ नाहीत. एवढंच जमतं, की घरातलं कोणी यायचं राहिलं असेल तर मी जेवायला बसत नाही. मुलगी म्हणते, "बाबा, यार, सुरू करा ना, दादा बाहेरून खाऊन येईल." मी थांबतो. थांबता थांबता स्वयंपाकघरात जाऊन एखादा पापड मोडून खातो, हे खरं आहे. अण्णांना ते चाललं नसतं.